आले की गेले?

मराठी समीक्षकांनी आजवर काय काय म्हणून तपासले नाही? महाकाव्य तपासले, लावणी तपासली, दिवाळी अंकातली कथा तपासली; एखाद्या कवीने वहीत लिहून नंतर खोडलेल्या ओळीसुद्धा भिंगाखाली धरल्या. पण जो वाङ्मयप्रकार सामान्य माणूस रोज उठून वाचतो, ज्याच्या एकेका ओळीवर त्याचा रक्तदाब वरखाली होतो आणि जो वाचून झाल्यावर तो खरोखरीच अंतर्मुख होतो, त्याच्याकडे या मंडळींनी ढुंकूनही पाहिलेले नाही. तो प्रकार म्हणजे तक्ता. विजेचे बिल हा तक्ता. मुलाचे प्रगतिपुस्तक हा तक्ता. रक्ततपासणीचा अहवाल हा तर असा तक्ता की, तो वाचताना भल्याभल्यांना करुण आणि भयानक हे दोन्ही रस एकदम प्रतीत होतात. तरीही मराठीत तक्त्याचे एकही रसग्रहण मी वाचलेले नाही.

ही उणीव भरून काढण्याचा अधिकार मला आहे असे मी नम्रपणे सुचवतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने बँकेतला कारकून. कविता आमच्या वाट्याला बारावीपर्यंत आल्या. पुढे तेरीज आणि ताळेबंद लागले ते आजतागायत. वीसेक वर्षे मी सकाळी तक्ता, दुपारी तक्ता आणि तिमाही संपली की रात्रीही तक्ता वाचत आलो आहे. आता तुम्ही म्हणाल, वाचणे वेगळे आणि लिहिणे वेगळे. तुम्ही स्वतः तक्ता करणारा प्रोग्राम लिहिलाय का? नाही लिहिला. पण समीक्षकाला स्वतः लिहिता आलेच पाहिजे अशी अट आपल्याकडे कधीच नव्हती. ती सवलत मलाही मिळावी.

तर आजच्या परीक्षणाचा विषय: संगणकाच्या प्रोग्रामने निव्वळ अक्षरांत मांडलेला तक्ता. म्हणजे ज्यात रेघा ओढायच्या त्याही वजाबाकीच्या चिन्हांनी, उभ्या भिंती घालायच्या त्या दंडासारख्या एका चिन्हाने, आणि उरलेली मोकळी जागा ‘स्पेस’ ठोकून भरायची. पासबुक, वेतनचिठ्ठी, रात्री निघणारे शाखेचे अहवाल, सगळे याच घराण्यातले.

या घराण्याची आपली पहिली ओळख मात्र संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. ती अंकलिपीत होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, ही सगळी नक्षत्रे तिथे ओळीत उभी असत. गुरुजींनी बेरीज शिकवताना एकच धर्मवाक्य सांगितले होते: एककाखाली एकक, दशकाखाली दशक. वाटेल ते करा, पण खांब मोडू नका. मला विचाराल, तर तक्त्याचे सारे सौंदर्यशास्त्र या वाक्यात आले. नावे डावीकडून सुरू व्हावीत, कारण आपण नाव पहिल्या अक्षरापासून वाचतो. आकडे उजवीकडे टेकावेत, कारण आकड्याची किंमत शेवटच्या घरापासून मोजतात. नऊ हजाराच्या खाली नव्वद आले, तर ते उजवीकडे नीट टेकले म्हणजे न वाचताही डोळ्याला कळते की, हे धाकटे भावंड आहे. डावीकडे टेकवले, की धाकटे थोरल्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहते आणि घरात कलह होतो.

पुढे टायपिंगच्या क्लासात या शास्त्राचा दुसरा अध्याय आला. तिथे ‘स्टेटमेंट’ नावाचा प्रकार असे. मथळ्याची अक्षरे मोजायची, ओळीच्या घरांतून वजा करायची, अर्धी करायची आणि तिथून सुरुवात करायची. प्रत्येक रकाना कुठे सुरू होणार ते आधी ठरवून यंत्रावर खुंटी लावून ठेवायची. मग एक कळ दाबली की गाडी धाडकन त्या खुंटीपाशी. त्या कळीचे नाव टॅब्युलेटर, म्हणजे सरळ मराठीत तक्तेकर. आज संगणकावर डाव्या हाताला जी ‘टॅब’ नावाची कळ आहे, ती तिचीच नात. फरक एवढाच की, आजीचे काम तक्ते करण्याचे होते आणि नात एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत नुसत्या उड्या मारते.

संगणकाचा तक्ता जन्मला तो याच मोजणीच्या घरात. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांची भोके पाडलेली कार्डे वापरली गेली. १९२८ साली आयबीएम कंपनीने ८० उभ्या रांगांचे कार्ड काढले. एका रांगेत एक अक्षर, ऐंशी अक्षरांत माणूस संपला पाहिजे. पुढे कार्डे गेली, पडदे आले. पण पडद्याची ओळ ८० अक्षरांचीच राहिली. कर्ता गेला तरी घराचे नियम चालूच, असा हा प्रकार आहे. मोठ्या छापयंत्रांची ओळ १३२ घरांची होती. दोन्ही कडांना भोके असलेला तो लांबलचक कागद जुन्या कर्मचाऱ्यांना आठवत असेल. १९८४ साली रंगराजन समितीने आपल्या बँकांत यंत्रे आणण्याची शिफारस केली, आणि मग हा कागद हळूहळू आपल्याकडेही आला. अहवाल संपल्यावर तो मुलांना चित्रे काढायला घरी येई, ही त्याची खरी समाजसेवा.

इथवर सगळे ठीक. कसोटी लागते ती जागा अपुरी पडल्यावर. माणसाचा स्वभाव एस.टी.त कळतो, तसा संगणकाच्या भाषेचा स्वभाव तक्त्याच्या रकान्यात कळतो. समजा, रकान्यात चार आकड्यांची जागा ठेवली आहे आणि दारात १२३४५ ही पाच आकड्यांची रक्कम येऊन उभी राहिली. आता करायचे काय?

फोर्ट्रान ही १९५७ सालची भाषा. शास्त्रज्ञ मंडळींसाठी केलेली. तिचा स्वभाव कडक कंडक्टरचा. गाडी भरली म्हणजे भरली! पाचांपैकी चौघांना घेऊन एकाला खाली ठेवणे तिला मान्य नाही. ती त्या रकान्यात एकही आकडा छापत नाही. चारी घरांत चार तारे ठोकून मोकळी होते. तारे पाहिले की वाचणाऱ्याला कळते, इथे काहीतरी होते आणि ते मावले नाही. माहिती मिळत नाही, पण फसवणूकही होत नाही.

सी ही १९७२ च्या सुमारास बेल लॅबोरेटरीत डेनिस रिची यांनी घडवलेली भाषा. तिचा स्वभाव अघळपघळ. चौघांच्या बाकावर पाचवा आला तर ‘अहो सरका जरा’ म्हणून त्याला बसवून घेणारा. रक्कम पूर्ण छापली जाते, खोटे काही नाही. पण पलीकडचे सगळे रकाने एकेक घर सरकतात आणि खांब मोडतो. वरच्या ओळीतली शिल्लक खालच्या ओळीतल्या तारखेच्या डोक्यावर येऊन बसते.

आणि कोबॉल. १९५९ साली समिती बसली, १९६० साली भाषा तयार झाली, तीही खास व्यापारउदिमासाठी. समितीने केलेली असून वर्षभरात तयार झाली, हाच मोठा चमत्कार. ही स्वभावाने अत्यंत सभ्य, नीटनेटकी. हिच्या तक्त्याचा खांब कधी मोडत नाही. पाचवा प्रवासी आला तर ती आरडाओरडा करत नाही, कुणाला सरकायला सांगत नाही. ती फक्त खिडकीजवळच्या पहिल्या प्रवाशाला अलगद बाहेर ढकलते आणि काच लावून घेते. १२३४५ चे २३४५ होतात. म्हणजे दहा हजार रुपये खिडकीतून गेले, आणि तक्ता दिसायला इतका सुरेख की कुणाला संशयही येऊ नये! कोबॉलची बाजू घ्यायची तर, हिशेब करताना ‘घर अपुरे पडले तर सांग’ असे बजावून ठेवायची सोय तिच्यात आहे. पण न बजावल्यास ती आपण होऊन बोलत नाही. आपल्या ओळखीत अशी माणसे असतात.

समीक्षेच्या भाषेत बोलायचे तर फोर्ट्रानमध्ये आशयनिष्ठा आहे, कोबॉलमध्ये रूपनिष्ठा आहे, आणि सी बिचारी दोन्हींचा समन्वय करायला जाऊन शेजाऱ्यांशी भांडण करून घेते. मला निवड करायला सांगाल, तर मी बँकेचा माणूस असूनही फोर्ट्रानला मत देईन. जागा नसेल तर नाही म्हणावे. सुबक खोटे बोलू नये.

तरी कोबॉलचे एक ऋण मान्य केलेच पाहिजे. रक्कम वजा असेल तर तिच्या मागे ‘सीआर’ किंवा ‘डीबी’ ही अक्षरे छापण्याची सोय त्या समितीने भाषेतच करून ठेवली. रक्कम किती हे जसे सांगायचे, तसे ती कुठल्या बाजूची हेही तिथेच, तिला चिकटून सांगायचे. ही केवढी मोठी गोष्ट आहे ते मला एका आजींनी समजावून दिले.

या आजी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन आले की पासबुक भरायला येतात. पासबुक भरले की ते डोळ्यांपासून हातभर लांब धरतात आणि प्रत्येक ओळीवर बोट फिरवतात. एकदा छापताना पान जरासे तिरके गेले आणि सगळ्या रकमा नेमक्या ‘काढले’ आणि ‘भरले’ या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर पडल्या. ना इकडे, ना तिकडे. आजींनी बोट ठेवून विचारले,

“बाळ, हे आले की गेले?”

मी शेवटचा रकाना पाहिला. “शिल्लक वाढलीय आजी. म्हणजे आले.”

“आणि हे खालचे?”

“इथे शिल्लक कमी झालीय. म्हणजे गेले.”

आजींनी थोडा विचार केला. “म्हणजे शिल्लक बघूनच कळायचं ना? मग मधल्या दोन रांगा कशाला रे ठेवल्यात?”

मी गप्प. मागच्या रांगेतले एक गृहस्थ घड्याळ पाहू लागले. आजी पुढे म्हणाल्या, “आमच्याकडे हे वही लिहायचे तेव्हा जमा डावीकडं आणि खर्च उजवीकडं. तुमच्याकडं आधी खर्चाची रांग! मी मागच्या महिन्यात आलेले पैसे गेले समजले आणि औषध निम्मंच आणलं.”

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. भाजी महाग झाली हे सांगावे तसे सांगितले. पण माझ्या मते तक्त्यावर आजवर झालेली ही सर्वांत मोठी समीक्षा. ‘हे आले की गेले?’ या प्रश्नाचे उत्तर ज्या तक्त्यात बोट ठेवताक्षणी मिळत नाही, तो तक्ता रेघा कितीही सरळ असल्या तरी नापास. रकमेपाशीच ‘जमा’ किंवा ‘नावे’ एवढे दोन शब्द छापले असते, तर पान तिरके जाऊ दे नाहीतर उलटे जाऊ दे, आजींचे औषध पुरे आले असते.

ही कसोटी हाती घेऊन मी नंतर इतरही कृती वाचल्या. त्यांत सध्या सर्वांत लोकप्रिय म्हणजे एक्सेल. हे उगवत्या लेखकांचे आवडते माध्यम. ऑफिसात ज्याला काही सुचत नाही तो एक्सेल उघडतो. रकाना अरुंद पडला की एक्सेल आकड्याऐवजी जाळीची चिन्हे ओळीने छापते, म्हणजे घराणे फोर्ट्रानचेच. हे चांगले लक्षण. पण एक्सेलला एक वाईट खोड आहे. त्याला जे जे आकड्यांसारखे दिसते ते ते आकडाच वाटते. खातेक्रमांकाच्या आधीची शून्ये त्याला निरुपयोगी वाटतात, ती ते खाऊन टाकते. बारा आकडी क्रमांक दिला की ‘एक पूर्णांक अमुक तमुक ई अधिक अकरा’ असे काहीतरी शास्त्रीय पुटपुटते. आणि पंधराच्या पुढचे आकडे त्याच्या लक्षातच राहत नाहीत. सोळावा आकडा काहीही असो, तिथे ते शून्य ठेवते. सोळा आकडी खातेक्रमांकाचा शेवटचा आकडा बदलला म्हणजे काय होते, हे पैसे ज्याचे त्याला विचारा.

यातला तात्त्विक मुद्दा असा की, खातेक्रमांक ही संख्या नव्हेच. ते आकड्यांच्या अक्षरांत लिहिलेले नाव आहे. ओळखायची खूण सोपी: दोन खातेक्रमांकांची बेरीज करून कुणाला काही उपयोग आहे का? नाही ना? मग ती संख्या नाही. पिनकोड, फोन नंबर, सगळे त्यातलेच. त्यांना नावासारखे वागवावे, डावीकडे टेकवावे, आणि एकही शून्य गाळू नये. आपण ‘ॐकार’ नावाच्या मुलाचा ॐ निरुपयोगी म्हणून काढून टाकतो काय?

ही खोड फक्त बँकेलाच भोवली असे नाही. माणसाच्या शरीरातल्या काही जनुकांची लघुनावे ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी होती. शास्त्रज्ञांनी ती एक्सेलच्या तक्त्यात भरली की एक्सेल त्यांच्या तारखा करून ठेवी, पहिली मार्च, पहिली सप्टेंबर. अखेर जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० सालच्या आपल्या नियमावलीत सांगून टाकले की, अशी नावे बदलली आहेत; ‘मार्च१’ चे ‘मार्चएफ१’ झाले, ‘सेप्ट१’ चे ‘सेप्टिन१’. तक्त्याला माणूस वळवता येईना, म्हणून माणसाने आपल्या पेशीतल्या जनुकाचेच बारसे पुन्हा केले! पुढे २०२३ साली ही आपोआप तारीख करण्याची खोड बंद ठेवण्याची सोय एक्सेलमध्ये आली. बारसे उरकल्यावर पाळणा आला म्हणायचे.

माझा एक भाचा पुण्याला हिंजवडीत नोकरीला आहे. तो प्रोग्राम लिहितो. गेल्या दिवाळीत आला तेव्हा मी त्याला त्याच्या लॅपटॉपवर एक तक्ता काढून दाखवायला सांगितले. त्याने पायथन नावाच्या भाषेत दोन ओळी लिहिल्या आणि पडद्यावर तक्ता हजर. वर पाच ओळी, खाली पाच ओळी आणि मध्ये तीन टिंबे.

“हे काय रे?”

“मामा, हजार ओळी आहेत. सगळ्या कशाला दाखवायच्या? साठच्या वर गेल्या की आपोआप असं होतं.”

“कोण करतं?”

“लायब्ररी करते.”

ग्रंथालयाने तक्त्यात ढवळाढवळ का करावी हे मला आधी कळेना. मग उलगडा झाला की, दुसऱ्याने आधीच लिहून ठेवलेल्या प्रोग्रामांच्या गाठोड्याला ही मंडळी लायब्ररी म्हणतात. हे पँडाज नावाचे गाठोडे लांब तक्ता आला की डोके आणि शेपूट दाखवते, धड गिळते. नवकवितेत टिंबे आली तर तिथे गहन अर्थ आहे असे आपण समजून घेतो. पण तक्त्यातल्या टिंबांत नऊशे नव्वद माणसे असतात. तरी या कलाकृतीला मी उत्तीर्ण करतो, कारण ती तळाशी ‘एवढ्या ओळी, एवढे रकाने’ असे प्रामाणिकपणे लिहिते. गाळले, पण गाळल्याचे सांगितले.

मग मी त्याला म्हटले, आता एक रक्कम छाप, साडेबारा लाख. त्याने स्वल्पविराम मागितले आणि यंत्राने छापले: १,२५०,०००. मी चष्मा पुसला. “एक कोटी पंचवीस लाख?” “नाही हो मामा, साडेबाराच लाख. ते तीन-तीनचे गट करते. आपल्यासारखे हवे असतील तर वेगळे लिहावं लागतं.” आपल्याकडे पहिला गट तिनाचा आणि पुढचे दोन-दोनाचे: १२,५०,०००. स्वल्पविराम हा आपल्या डोळ्याला हजार, लाख, कोटी यांचा मैलाचा दगड आहे. दगड भलतीकडे रोवला तर रस्ता तोच राहूनही माणूस भलत्या गावाला पोहोचतो. ज्याच्यासाठी तक्ता छापायचा, त्याच्या गावचे दगड वापरावेत.

शेवटी आम्ही मराठीकडे वळलो. १९९१ च्या युनिकोडने देवनागरीला संगणकात हक्काची घरे दिली, त्याबद्दल आनंदच आहे. मी म्हटले, दोन खातेदारांची आडनावे घे: क्षीरसागर आणि पै. आडनावाला बारा घरे ठेव आणि पुढे शिल्लक छाप. दोन ओळींत दोन शिलका वेगवेगळ्या ठिकाणी उभ्या राहिल्या. भाचा जरा ओशाळला. मग त्याने जे सांगितले ते ऐकून मला यंत्राची कीव आली.

तुम्ही-आम्ही क्षीरसागर हे नाव पाच अक्षरांचे समजतो: क्षी, र, सा, ग, र. पायथन ते नऊ समजते. कारण तिच्या लेखी क वेगळा, पायमोडा वेगळा, ष वेगळा, वेलांटी वेगळी, काना वेगळा. आणि सी भाषा तर यंत्रातली साठवण मोजते; तिथे प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे क्षीरसागर सत्तावीस! एकाच गृहस्थाची उंची तीन शिंपी तीन सांगतात. पायथनने बारातून नऊ वजा करून क्षीरसागरांपुढे तीन रिकामी घरे सोडली. पै हे आपल्या मते एक अक्षर, तिच्या मते दोन. म्हणून त्यांच्यापुढे दहा. आपल्या डोळ्याने मोजले तर क्षीरसागरांची रक्कम नवव्या घरात सुरू झाली आणि पैंची बाराव्या. शिवाय ‘सा’ आणि ‘र’ यांची रुंदी सारखी नाही ती नाहीच. इंग्रजी टंकयंत्राच्या हिशेबात आय आणि एम या दोघांना कोंबून एकाच मापाच्या खोलीत राहायला लावता येते. आपल्या क्षीला ते जमत नाही, आणि जमू नये.

“मग यावर उपाय?” मी विचारले.

“प्रत्येक अक्षर पडद्यावर किती जागा घेतं ते मोजायचं. त्यालाही लायब्ररी आहे. पण तीही देवनागरीत चुकते कधीकधी.”

मी त्याला कारकुनी उपाय सांगितला: नाव शेवटच्या रकान्यात ठेव. आधी तारीख, मग रक्कम, मग जमा की नावे, आणि सर्वांत शेवटी क्षीरसागर. मग ते पाच होवोत, नऊ होवोत की सत्तावीस, त्यांच्या पलीकडे कुणी बसलेलेच नाही, तर ढकलणार कुणाला? भाच्याने करून पाहिले. खांब सरळ उभा राहिला. त्या दिवशी त्याच्या मामीने त्याला चकलीचा डबा दिला, पण निम्मे श्रेय माझे होते.

आता एकच गोष्ट उरली, आणि ती म्हणजे काहीही नसणे. तक्त्यातले रिकामे घर. १९७० साली एडगर कॉड यांनी साठवायची सारी माहिती तक्त्यांच्या रूपात मांडावी असा विचार मांडला, आणि आजचे बहुतेक कारभार त्यावर चालतात. पण रिकाम्या घराने सगळ्यांना छळले आहे. रिकामे घर म्हणजे शून्य? की माहीत नाही? की इथे हा प्रश्नच लागू नाही? प्रगतिपुस्तकात गणितापुढचे घर रिकामे असेल तर मुलाला शून्य मिळाले, की मुलगा आजारी होता, की त्याने गणित घेतलेच नव्हते? बाप तिन्ही वेळा वेगळे वागणार असतो. काही प्रोग्राम इथे नुसती जागा सोडतात, काही ‘नल’ म्हणतात, काही ‘नॅन’ म्हणतात. नुसती जागा सोडणे सर्वांत सुंदर दिसते आणि सर्वांत कमी सांगते.

आमच्या आधीच्या पिढीतले कारकून खतावणीत मोकळी राहिलेली जागा तशीच सोडत नसत. तिच्यावर आडवी रेघ मारीत. मागून येऊन कुणी तिथे काही लिहू नये म्हणून ती रेघ, पण तिचा आणखीही एक अर्थ होता: इथे मी पाहिले आहे, काही नाही, आणि नाही हे मी जबाबदारीने सांगतो आहे. यंत्राकडून तेवढीच अपेक्षा आहे. शून्य असेल तर शून्य लिहावे, माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ लिहावे, लागू नसेल तर रेघ मारावी.

समीक्षेच्या अखेरीस नवोदितांना दोन शब्द सांगण्याची पद्धत आहे, म्हणून सांगतो. तक्ता करणाऱ्याने तो छापण्याआधी ज्याला त्यातले ओ की ठो ठाऊक नाही अशा एखाद्या माणसापुढे ठेवावा, आणि त्याला ओळीवर बोट फिरवायला सांगावे. बोट न अडखळता डावीकडून उजवीकडे गेले तर खुशाल छापावा. मध्येच कुठे थांबले, तर दोष बोटाचा आहे असे समजू नये.